थायलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकॉकमध्ये राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. या काळात पुण्या-मुंबईहून, नागपूरहून, गोव्याहून नोकरीसाठी किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे इथे आलेल्या मंडळींचे फोन आणि मेसेज येत राहिले. त्यांतले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसकट एकत्र केले आहेत. फीचे आकडे सरकारी फीचे आहेत, एजंटचे पैसे त्यात धरलेले नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण निम्म्या अडचणींचं मूळ तिथे असतं. मुक्कामाच्या सगळ्या तारखा स्वतः लिहून ठेवा. एचआर, एजंट, घरमालक सगळे मदत करतात, पण तारीख हुकली की रांगेत उभं राहायचं आणि दंड भरायचा तुम्हालाच.

१. भारतीयांना व्हिसा लागत नाही ना? मग तसंच येऊन राहिलं तर?

ती सूट पर्यटकांसाठी आहे. २०२४ च्या जुलैमध्ये भारतीयांना ६० दिवसांची सूट मिळाली, पण अशा सवलती सरकार कमी-जास्त करत असतं, म्हणून तिकीट काढण्याआधी थायी दूतावासाचा ताजा नियम पाहा. राहायचं असेल तर कारणानुसार व्हिसा घ्यावा लागतो. नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी, कुटुंबासाठी किंवा पन्नाशीनंतरच्या निवृत्त मुक्कामासाठी ओ, शिक्षणासाठी ईडी. परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवरून करणाऱ्यांसाठी २०२४ पासून डीटीव्ही आहे: पाच वर्षांचा व्हिसा, एका वेळी १८० दिवस मुक्काम, आणि खात्यात ५ लाख बाथ असल्याचा पुरावा. पर्यटक म्हणून येऊन दर दोन महिन्यांनी सीमेपलीकडे जाऊन परत येणारे लोक मी पाहिले आहेत. एक दिवस काउंटरवरचा अधिकारी पासपोर्टची पानं उलटून बघतो आणि परत पाठवतो. मुलांची शाळा, घराचं डिपॉझिट असं सगळं इथे अडकलेलं असताना हा धोका पत्करू नका.

२. मी इथेच राहतो. तरी भारतातून परत येताना तो ऑनलाइन अरायव्हल फॉर्म भरायचा का?

हो, दर वेळी. १ मे २०२५ पासून थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड सगळ्या परदेशी लोकांना लागू आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, लहान मुलांचंही. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही, लगेच बंद करा.

३. ‘नाइन्टी डे रिपोर्ट’ केला म्हणजे व्हिसा वाढला ना?

नाही. या गैरसमजापायी चांगली शिकलेली माणसंसुद्धा अडकलेली पाहिली आहेत. सलग ९० दिवस देशात राहिलात की तुम्ही आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा, एवढंच ते आहे. फॉर्म टीएम ४७, फी नाही. मुक्कामाची मुदत वेगळी असते, ती पासपोर्टवरच्या शिक्क्यात लिहिलेली असते, आणि ती वाढवायला टीएम ७ हा फॉर्म आणि १,९०० बाथ लागतात.

रिपोर्ट स्वतः जाऊन करायचा तर ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतो. ऑनलाइन करणार असाल तर निदान आठवडाभर आधी करा. पहिला रिपोर्ट प्रत्यक्ष जाऊन केलेला बरा. उशीर झाला तर २,००० बाथ दंड.

मोजणीत लोक चुकतात ते असं. तुम्ही देशाबाहेर जाऊन आलात की ९० दिवस परतल्याच्या तारखेपासून नव्याने सुरू होतात. पण पासपोर्टला टाचलेली जुनी चिठ्ठी तशीच राहते आणि माणूस तिच्यावरच्या तारखेवर विसंबतो. परत आलात की ती चिठ्ठी काढून टाका आणि नवी तारीख मोजून मोबाइलमध्ये घाला.

४. घरमालक म्हणतात टीएम ३० ची गरज नाही. खरंच नसते का?

असते. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत टीएम ३० या फॉर्मने इमिग्रेशनला कळवायची जबाबदारी कायद्याने जागेच्या मालकावर आहे. हॉटेलवाले ते आपोआप करतात. खासगी फ्लॅटच्या मालकांना मात्र बरेचदा हे माहीतच नसतं. दंड मालकाला होतो हे खरं, पण पावती नसली की काम अडतं तुमचं.

माझ्या पहिल्या घराच्या मालकीणबाई सत्तरी उलटलेल्या होत्या. मुदतवाढीच्या दिवशी काउंटरवर माझ्याकडे टीएम ३० ची पावती मागितली, ती नव्हती. चेंग वत्थनाच्या इमिग्रेशन कार्यालयातून तशीच लात फ्राओ भागात त्यांच्या घरी गेले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपल्या ओळखपत्राची झेरॉक्स पसरली, तिच्यावर पेनाने दोन तिरक्या रेघा ओढल्या आणि त्या रेघांच्या मधोमध सही केली. त्या रेघा कशासाठी ते तेव्हा कळलं: ही प्रत दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरता येऊ नये म्हणून. तेव्हापासून मीही पासपोर्टच्या प्रत्येक झेरॉक्सवर तसंच करते. इथे झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर निळ्या पेनाने स्वतःची सही लागते, हेही लक्षात असू द्या.

भाडेकराराच्या आधीच मालकांना विचारा आणि ‘टीएम ३० मालक भरतील’ अशी ओळ करारात घाला. परदेशातून त्याच पत्त्यावर परतलात आणि तुमचं री-एंट्री परमिट (देशाबाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, प्रश्न ५) चालू असेल तर २०२० च्या बदलानंतर पुन्हा भरावा लागत नाही. काही प्रांतांतली कार्यालयं तरीही मागतात, म्हणून जुनी पावती जपून ठेवा.

५. घाईत भारतात जावं लागलं, री-एंट्री परमिट काढलं नव्हतं. आता काय?

मग मुक्कामाची परवानगी गेली. वर्षभराची मुदतवाढ मिळालेली असली तरी री-एंट्री परमिटशिवाय देश सोडला की ती त्या क्षणी रद्द होते आणि भारतातून नवा व्हिसा घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एकदाचं परमिट १,००० बाथ, कितीही वेळा चालणारं ३,८०० बाथ.

माझा ठाम सल्ला आहे की मुदतवाढ मिळाली त्याच दिवशी, त्याच इमारतीत, कितीही वेळा चालणारं परमिट काढून टाका. घरचा फोन रात्री दोन वाजता येतो, कोल्हापूरला आई दवाखान्यात आहे म्हणून. तेव्हा कुणाला कागद आठवत नाहीत. अगदीच राहिलं असेल तर सुवर्णभूमी विमानतळावरही काउंटर आहे, पासपोर्टवर निघाल्याचा शिक्का बसायच्या आत तिथे जा आणि हाताशी वेळ ठेवा. डीटीव्हीसारखा अनेक प्रवेशांचा व्हिसा चालू असेल तर या परमिटची गरज नसते.

६. मुदत चार दिवस उलटली आहे. विमानतळावर दंड भरून जाता येईल ना?

दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,०००. चार दिवसांचे २,००० भरून बहुधा जाता येईल. पण विमानतळावर पोहोचायच्या आधी रस्त्यात तपासणी झाली तर कोठडी आहे, आणि असं पकडलं गेल्यावर वर्षाच्या आतल्या ओव्हरस्टेलाही पाच वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते. ९० दिवसांच्या वर गेलं तर स्वतःहून हजर झालात तरी एक वर्ष बंदी. ज्या दिवशी लक्षात आलं त्याच दिवशी हालचाल करा.

७. कंपनीने अचानक काढलं. देश सोडायला किती दिवस मिळतात?

शिक्क्यावर पुढच्या वर्षाची तारीख असली तरी नोकरीच्या आधारावर मिळालेली मुदतवाढ कामाच्या शेवटच्या दिवशी संपते. इमिग्रेशनला १,९०० बाथ भरून सहसा ७ दिवस वाढवून मिळतात. त्यामुळे शेवटची तारीख ठरवताना बोलून घ्या. पंधरा दिवस पुढची तारीख मिळाली तर घर आवरणं, शाळेचे दाखले, डिपॉझिट सगळं नीट होतं. तुमच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराची आणि मुलांची मुदतही तुमच्याबरोबरच संपते.

आता पैशांचं. इथला कामगार कायदा परदेशी माणसालाही लागू आहे. कंपनीने काढलं तर नोकरीच्या काळानुसार भरपाई मिळते: १२० दिवस ते एक वर्ष झालं असेल तर ३० दिवसांचा पगार, एक ते तीन वर्षांना ९०, तीन ते सहा वर्षांना १८०, सहा ते दहा वर्षांना २४० दिवसांचा. तुम्ही स्वतः राजीनामा दिला तर यातलं काही मिळत नाही. म्हणून ‘रेकॉर्ड चांगलं राहील, राजीनाम्यावर सही करा’ असं कुणी गोड बोलून सांगितलं तर सही करू नका. कागद घरी आणा, शांतपणे वाचा, कामगार संरक्षण कार्यालयात विचारा.

८. ताई, भावाला थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी लागली आहे. पगार लाखभर, तिकीट कंपनी देणार. पाठवू का?

नका पाठवू. हा प्रश्न आला की माझ्या पोटात गोळा येतो. बँकॉकला उतरवून गाडीने माए सोतला न्यायचं, तिथून मोएई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावडीत, आणि तिथे काटेरी तारांच्या आत लोकांना ऑनलाइन फसवायच्या कामाला जुंपायचं, असा हा धंदा आहे. २०२५ मध्ये भारत सरकारने शेकडो तरुणांना माए सोतवरून विमानं करून परत आणलं. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलीही मुलं होती.

खरी नोकरी ओळखायची खूण सोपी आहे. खरी कंपनी भारतात असतानाच कागद देते, त्यांवर थायी दूतावासातून नॉन-इमिग्रंट बी व्हिसा मिळतो आणि मग वर्क परमिट. ‘आत्ता टुरिस्ट म्हणून ये, नंतर बदलू’ हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा. आणखी एक ताळा: नोकरीच्या मुदतवाढीसाठी भारतीयांना महिन्याला निदान ३५,००० बाथ पगार असावा असा इमिग्रेशनचा निकष आहे. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शेरा आहे त्यांना थायलंडला नोकरीसाठी जाताना भारत सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स लागते.

कुणी आधीच आलं असेल आणि गाडी बँकॉक सोडून सीमेकडे निघाली असेल, तर पेट्रोल पंपावर उतरा आणि गर्दीतून हलू नका. पोलिसांना १९१, टुरिस्ट पोलिसांना ११५५. भारतीय दूतावास बँकॉकमध्ये सुखुमवित रस्त्याच्या सोई (म्हणजे गल्ली) २३ मध्ये आहे.

९. मी डिपेंडंट म्हणून आले आहे. घरून डबे किंवा शिकवण्या केल्या तर चालेल?

वर्क परमिटशिवाय इथे काम करता येत नाही, पैसे कमी-जास्त असण्याचा संबंध नाही. शेजारच्या सोसायटीत चार डबे देणं हेही कामच धरलं जातं. शिवाय टूर गाइड, केस कापणं, थायी मसाज, फेरीचा धंदा असे काही व्यवसाय थायी लोकांसाठीच राखीव आहेत, त्यांचं परमिट परदेशी माणसाला मिळत नाही. ‘नातेवाईक आले की ग्रँड पॅलेस दाखवतो’ इथपर्यंत ठीक. त्याचे पैसे घ्यायला लागलात की गुन्हा. नोकरी मिळवून स्वतःचा बी व्हिसा करून घेणं हा सरळ रस्ता आहे. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघींनी शाळांमध्ये तसं केलं. वर्क परमिटचे अर्ज २०२५ च्या ऑक्टोबरपासून ऑनलाइन झाले आहेत.

१०. घर घेताना किती पैसे हाताशी ठेवावेत? लाइट बिल एवढं कसं येतं?

सर्वसाधारण पद्धत दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं. म्हणजे पहिल्या दिवशी तीन महिन्यांची रक्कम. आत जाताना भिंतीवरचा प्रत्येक डाग, एसीचा प्रत्येक ओरखडा यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकांना लाइन ॲपवर (इथे व्हॉट्सॲपसारखं तेच वापरतात) पाठवा. डिपॉझिट कापलं जातं ते याच डागांवरून.

लाइट बिलाचं असं की सरकारी वीज कंपनीचं बिल थेट तुमच्याकडे येत असेल तर युनिटला चार-साडेचार बाथच्या आसपास पडतं. अपार्टमेंटचे चालक स्वतः मीटर वाचून बिल देत असतील तर सात-आठ बाथ लावतात. बऱ्याच खोल्या भाड्याने देणाऱ्या व्यावसायिक मालकांना असं चढं बिल लावायला ग्राहक संरक्षणाच्या नियमांनी मनाई आहे, तरी ते चालतं. घर बघताना भाड्याआधी विजेचा दर विचारा.

११. भारतातून मिक्सर आणि इस्त्री आणली तर चालेल का?

व्होल्टेज तेच, २२० आणि ५० हर्ट्झ. आपली जाड गोल तीन पिनांची खुंटी मात्र इथल्या सॉकेटमध्ये जात नाही. मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन पिनांची जाते. मिक्सर जरूर आणा, इथल्या मिक्सरमध्ये इडलीचं पीठ आणि ओल्या नारळाचं वाटण मनासारखं होत नाही. दुकानात नेऊन पिन बदलून घ्या. अर्थिंगशिवायचा स्वस्त ॲडॉप्टर लावून इस्त्री चालवू नका.

१२. बँकेत खातं उघडून देत नाहीत. काय करू?

पर्यटकाला ते जवळपास मिळतच नाही. वर्क परमिट किंवा लांब मुदतीचा व्हिसा, पत्त्याचा दाखला आणि कंपनीचं पत्र घेऊन, शक्यतो कंपनीचं खातं आहे त्याच शाखेत जा. एका शाखेने नाही म्हटलं तरी दुसरी देते, हा माझाच अनुभव आहे. सिम कार्ड स्वतःच्या पासपोर्टवर घ्या. नवऱ्याच्या नावावरचं सिम आणि बायकोच्या नावावरचं खातं, अशी सरमिसळ मोबाइल बँकिंगला आता चालत नाही. ॲपवरून एका वेळी ५०,००० बाथच्या वर रक्कम पाठवताना चेहरा स्कॅन करावा लागतो, तो शाखेत आधीच नोंदवून घ्या.

आणि कुणी ‘तुझ्या खात्यावर पैसे येऊ दे, मी थोडे देतो’ म्हटलं तर तोडून नाही म्हणा. इथे दुसऱ्याला खातं वापरायला देणं हा तुरुंगाचा गुन्हा आहे.

१३. इथे कर भरतो. भारतातले भाड्याचे पैसे इथे आणले तर त्यावरही कर?

कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात की तुम्ही इथले कर-रहिवासी. १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न थायलंडमध्ये आणलं की ते इथे करपात्र होतं. भारतात त्यावर कर भरला असेल तर दोन देशांमधल्या करारानुसार त्याची वजावट मिळते, म्हणून भारतातले कर भरल्याचे कागद सांभाळा. त्याआधीची बचत आणत असाल तर ३१ डिसेंबर २०२३ च्या शिलकीचं स्टेटमेंट काढून ठेवा. इथलं विवरणपत्र ३१ मार्चपर्यंत भरायचं असतं. भारतातलं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्यायचं बरेच जण विसरतात, तेही करा.

१४. पासपोर्टवर माझ्या नावात वडिलांचं नाव आहे. इथल्या कागदांवर तीन प्रकारे लिहिलं गेलंय. चालेल का?

आज चालतं, पुढे अडतं. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव ही पद्धत इथल्या कारकुनाला ठाऊक नसते. कुणी मधलं नाव गाळतं, कुणी तेच आडनाव करतं. त्यात थायी लिपीत लिहिताना बँकेचं स्पेलिंग वेगळं आणि वर्क परमिटचं वेगळं. पहिल्या अधिकृत कागदावर, बहुधा वर्क परमिटवर, थायी लिपीत जे लिहिलं गेलं त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तोच दाखवा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायचं असेल तर इथे येण्याआधी बदला. बोलताना मात्र सगळं सोपं: इथे पहिल्या नावानेच हाक मारतात, आधी ‘खुन’ लावून. खुन मंदार, खुन स्मिता.

१५. भारतीय लायसन्सवर स्कूटर चालवू शकतो का?

भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला असेल तर सुरुवातीला हो, पण त्यावर दुचाकीचा शिक्का हवा. कारचं लायसन्स दुचाकीला चालत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते, आणि लाखो बाथचं बिल अंगावर येतं. राहणाऱ्यांनी थायी लायसन्स काढावं: रहिवासाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, रंग आणि प्रतिक्रिया तपासणारी छोटी परीक्षा. पहिलं दोन वर्षांचं, मग पाच वर्षांचं. गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे आपल्याला नवी सवय करावी लागत नाही. हेल्मेट घाला, सोईच्या तोंडाशी पान आणायला गेलात तरी. परदेशी लोकांना जास्त तिकीट असलेल्या काही ठिकाणी हे लायसन्स दाखवून थायी दर मिळतो, पण तो हक्क नाही. नाही म्हणाले तर वाद घालू नका.

१६. आम्ही शाकाहारी. इथे ‘व्हेज’ म्हटलं तरी मासळीचा वास येतो. नेमकं काय सांगायचं?

‘मांसविरात’ हा शब्द इथे आहे, आपल्या मांस-विरतीतून आलेला, पण त्यात अंडं आणि दूध चालतं आणि फिश सॉसही बरेचदा निसटून येतो. पक्का शब्द ‘जे’. पिवळ्या फडक्यावर लाल अक्षरात लिहिलेला असतो, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखा दिसतो. जे जेवणात मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. म्हणून जैन मंडळींना आणि चातुर्मास पाळणाऱ्या आईवडिलांना मी सरळ जे दुकानात नेते. साधारण ऑक्टोबरच्या आसपास नऊ दिवस ‘किन जे’चा उत्सव असतो, तेव्हा प्रत्येक गल्लीत पिवळे झेंडे लागतात.

साध्या गाडीवर जेवताना तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात, कारण लोकांच्या लेखी ती मासळी नसून मसाला असतो: नाम प्ला म्हणजे फिश सॉस, नाममन होय म्हणजे कालवांचा सॉस, कपि म्हणजे कोलंबीचा आंबवलेला गोळा. ‘माय साय’ म्हणजे घालू नका. ‘माय साय नाम प्ला’ म्हणा आणि हसून म्हणा. थायी करीच्या तयार वाटणात कपि आधीच असते, ती काढता येत नाही. हिरवी करी दिसायला कितीही छान असली तरी जे दुकानाबाहेर खाऊ नका.

१७. उपवासाचा साबुदाणा आणि मोदकाचं पीठ कुठे मिळेल?

बँकॉकमधल्या फाहुरात या भारतीय बाजारात जा. गुरुद्वाऱ्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ, साबुदाणा सगळं मिळतं. इथल्या सुपरमार्केटात ‘साखू’ नावाने मिळणारे पांढरे मणी टॅपिओकाचेच असतात, पण ते आपल्यासारखे रात्रभर भिजवले की सकाळी भांड्यात खळ तयार. पहिल्या एकादशीला मी तेच केलं आणि दिवसभर दाण्याची आमटी आणि केळी खाल्ली. खीर करायला साखू उत्तम, खिचडीला भारतीय साबुदाणाच हवा.

मोदकांसाठी मात्र थायलंड स्वर्ग आहे. तीन सोंडांच्या हत्तीचं चित्र असलेली पिठाची पाकिटं मिळतात. लाल अक्षरांचं साध्या तांदळाचं, हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं. लाल घ्या. नुसत्या हिरव्याचे मोदक वाफेवर बसतात, कळ्या राहत नाहीत. लालात चमचाभर हिरवं मिसळलं तर पारीला चिरा जात नाहीत. ओला नारळ बाजारात समोर खवून देतात, गुळाऐवजी नाम तान पीप, म्हणजे ताडा-माडाचा मऊ गूळ, किंचित कमी घालायचा कारण तो लवकर पाक होतो. सारण केलंत की शेजारच्या थायी बाईंना द्या. नारळ-गुळाच्या तांदळाच्या गोळ्या त्यांच्याकडेही असतात आणि गणपतीला इथे ‘फ्रा फिखनेत’ म्हणतात, आपला विघ्नेशच.

१८. भारतातून औषधं आणू का?

नेहमीची बीपी-मधुमेहाची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ पाकिटात, महिनाभराची आणा. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध यांवर कडक नियम आहेत, आधी थायी अन्न व औषध प्रशासनाचे नियम पाहा. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं त्या इथे २०१२ पासून दुकानात मिळत नाहीत. ई-सिगारेट आणूच नका, इथे बंदी आहे.

१९. रात्री-अपरात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा? कुत्रा चावला तर?

रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१, आग १९९. कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरखडलं तरी, जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. बँकॉकमध्ये रामा चार रस्त्यावरची रेड क्रॉसची राणी साओवाफा संस्था यासाठीच आहे. नोकरदारांना सामाजिक सुरक्षेतून पगाराच्या ५ टक्के कापून, ठरावीक मर्यादेपर्यंत, एक नोंदणीकृत रुग्णालय मिळतं. ते कुठलं ते आजच बघून ठेवा, दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर सहसा खिशातून भरावं लागतं.

२०. कुठल्या गोष्टी चुकूनही करू नयेत?

राजघराण्याबद्दल वाईट बोलू नका, लिहू नका, कुणाची तशी पोस्ट पुढे पाठवू नका. कलम ११२ खाली एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांचा तुरुंगवास आहे. घरातल्या घरात मराठीत बोलतानाही मी हे पाळते. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागलं की उभं राहा.

डोक्याला हात लावू नका, कुणाच्या बाळाच्याही. पाय माणसाकडे किंवा मूर्तीकडे करून बसू नका. हे आपल्याला शिकवावं लागत नाही, आजीने शिकवलेलंच असतं. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, वस्तू द्यायची तर खाली ठेवायची. आणि आवाज चढवू नका. आपल्याकडे काउंटरवर जरा आवाज वाढवला की काम होतं, इथे त्याच क्षणी काम थांबतं. समोरचा हसत राहतो, पण फाइल खाली जाते.

२१. दुधाच्या पिशवीवर ६९ साल कसं?

इथे बौद्ध संवत चालतं. त्यातून ५४३ वजा करा: २५६९ म्हणजे २०२६. पाकिटावर नुसतं ६९ छापतात. कोर्टाच्या आणि जमिनीच्या कागदांवरही हेच साल असतं, करार इंग्रजीत करून घेताना तारखा पुन्हा तपासा.

२२. ओळखीच्या ओळखीचा एक जण मुंबईला छोटं पार्सल न्या म्हणतोय. नेऊ?

नाही. बँकॉकहून मुंबईला उतरणाऱ्या बॅगांमधून हायड्रोपोनिक गांजा आणि जिवंत प्राणी पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. पकडला जातो तो बॅग नेणारा. इथे काही दुकानांत गांजा दिसला तरी भारतात तो अमली पदार्थ आहे. भिशीतल्या मैत्रिणीच्या नणंदेचं असलं तरी पार्सल स्वतः उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका, आणि उघडू देत नसतील तर विषय संपला.

२३. फ्लॅट विकत घेता येतो का? थायी मित्राच्या नावावर जमीन घेऊ का?

परदेशी माणसाला कॉन्डो घेता येतो, इमारतीतल्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांच्या आत. पैसे परदेशी चलनात बाहेरून आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून इथला पगार साठवून घेणाऱ्यांची अडचण होते. जमीन घेता येत नाही. दुसऱ्याच्या नावावर घेणं बेकायदेशीर आहे, आणि मैत्री बिघडली तर तुमच्याकडे दाखवायला कागदच नसतो.

२४. बाळ इथे जन्मलं तर त्याला थायी नागरिकत्व मिळतं का? पुढे काय करायचं?

आई-वडील दोघेही भारतीय असतील तर मिळत नाही. रुग्णालयाने दिलेला कागद घेऊन १५ दिवसांत जिल्हा कार्यालयात, बँकॉकमध्ये त्याला ‘खेत’ म्हणतात, जन्म नोंदवा. दाखला थायीत मिळतो, त्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून घ्या. मग जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करून बाळाचा पासपोर्ट काढा. वर्ष उलटलं तर दिल्लीची परवानगी लागते आणि ते फार लांबतं.

पासपोर्ट आला की बाळाच्या मुक्कामाचीही परवानगी घ्यायची असते, हे कुणी सांगत नाही. पासपोर्ट हातात पडला की आई किंवा वडिलांच्या मुक्कामाच्या परवानगीचे कागद घेऊन इमिग्रेशनमध्ये जा. नावाचं स्पेलिंग रुग्णालयाच्या पहिल्याच कागदावर नीट लिहून द्या, मोठ्या अक्षरांत, स्वतःच्या हाताने (प्रश्न १४). बाळंतिणीला धावपळ नको म्हणून बाबांनी एक दिवस रजा घेऊन खेतमध्ये जावं, दोघांचे पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला बरोबर ठेवावा. त्या कार्यालयातल्या बायका बाळाचा फोटो दाखवल्याशिवाय सोडत नाहीत.